पहिल्या रांगेतला लक्ष्मण

लूम, म्हणजे कापडाचे माग, बंद असण्याचा दिवस होता. दुपारी चारच्या सुमारास धर्मेंद्रनं सुरतेतल्या उधन्याच्या नाक्यावरून गरम लोचो, वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, बांधून घेतला आणि मोटरसायकल डिंडोलीकडं वळवली. त्याच्याच लूमच्या शेडमधल्या हिलालनं सकाळीच फोन केला होता. "भो, ती डॉक्युमेंट्री पाहिली का? ये ना मग, बसून बोलू."

डॉक्युमेंट्री 'पेल मेरिडियन'वरची होती. विलायतेतला पन्नास वर्षं जुना प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. वीस-बावीस मिनिटांचं एकेक गाणं आणि सात मात्रांचे अडखळणारे ताल. उधन्याच्या मागावर राबणाऱ्या खान्देशी माणसांना हे खूळ लावलं त्यांच्याच शेडमधल्या लक्ष्मणनं. चौक बाजारातल्या जुन्या सामानात त्याला त्यांच्या तीन कॅसेटी मिळाल्या होत्या. शेडच्या खडखडाटात तो कान देऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "ऐका, हा माग सातात वाजतोय." मग धर्मेंद्र, हिलाल आणि हिलालची बायको नूतन, तिघंही त्या बँडमागं लागले.

लक्ष्मण जाऊन अकरा वर्षं झाली होती. मागाखाली मोटारची वायर जोडताना शॉक लागला. स्विच त्यानं स्वतःच चालू ठेवला होता, असं शेडचा मास्टर, म्हणजे मुकादम, म्हणून धर्मेंद्रनं सगळ्यांना सांगितलं होतं.

हिलालच्या खोलीत खिडक्या लावून पडदे ओढलेले होते. पंखा फिरत होता, तरी घाम निथळत होता. नूतननं लोचो ताटलीत काढला. कोणी हात लावला नाही.

"ड्रमवाला किती थकलाय ना," नूतन म्हणाली. "काठी धरतानाही बोटं थरथरतात. पण वाजवायला बसला की तोच."

"कीबोर्डवाल्याबद्दल मात्र काहीच नाही दाखवलं," हिलाल म्हणाला. "खरा बँड तर त्याचाच. तुले काय वाटस, भो?"

"दुसरा अल्बम..." धर्मेंद्रनं सुरुवात केली आणि थांबला. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. "शेवटचा शो पाहिला ना तुम्ही? पहिली रांग... नीट पाहिली?"

नूतनच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला.

"पहिली रांग नाही," हिलाल हळूच म्हणाला. "मी तर त्याला आधीच पाहिलं. त्यांचा जुना सरावाचा व्हिडिओ आहे ना, काळा-पांढरा... ड्रमवाल्याच्या मागं, भिंतीला टेकून."

"कोणाला?" धर्मेंद्रनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"तोच चौकड्यांचा शर्ट. डोक्यावर मागावरून उडालेले सुताचे तंतू."

"मी एकदम शेवटी पाहिलं," नूतन म्हणाली. "हॉल रिकामा होतो बघा... सगळे गेल्यावर एकटेच बसलेत लक्ष्मणभाऊ. मला वाटलं, मलाच भास झाला. म्हणून यांनाही बोलले नाही."

हिलालनं टीव्ही लावला. तिघांनी डॉक्युमेंट्री पुन्हा पाहिली, एकेक जागा थांबवून. भिंतीपाशी कोणी नव्हतं. पहिल्या रांगेत लाल केसांची एक म्हातारी बाई डुलत होती. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्याच होत्या. मात्र खोलीत हळूहळू वास भरू लागला. गरम तेलाचा, सुताचा आणि जळालेल्या रबराचा. नूतननं पदर नाकाला लावला. स्वयंपाकघरातला गॅस बंदच होता.

"भो, तो नुसता उभा नव्हता," हिलाल टीव्हीकडं बघतच म्हणाला. "बोलत होता."

मागाच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं बरीच वर्षं काढलेला प्रत्येक माणूस समोरच्याचे ओठ वाचतो. हिलालला वाचता येत होते, तसे त्यालाही.

"धर्माला विचारा... असं म्हणत होता. म्हणून तुला बोलावलं."

धर्मेंद्रनं टीव्ही बंद केला.

"स्विच मी लावला," तो म्हणाला. "तो खाली आहे हे मी पाहिलंच नाही. शेठचा फोन होता, लूम लगेच चालू कर म्हणून. मी लावला... आणि तो ओरडलाही नाही. नंतर वाटलं, माझी दोन पोरं आहेत, तुरुंगात गेलो तर... अकरा वर्षं मी सुभद्रावहिनीच्या घरावरून जात नाही."

कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. नूतन रडत होती. हिलाल उठला आणि त्यानं चपला घातल्या. "चल. तिला सांगून टाक."

नवागामच्या गल्लीत ते पोचले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लक्ष्मणची बायको सुभद्राबाई घरात, दाराकडं तोंड करून साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. नवरा स्वतःच्या चुकीनं मेला, हे ऐकत तिनं मुलगी वाढवली होती. धर्मेंद्र तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. हिलाल आणि नूतन मागं उंबऱ्यापाशी उभे होते.

सुभद्राबाईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"मला कळलंय, धर्माभाऊ," ती म्हणाली. "सोनालीनं परवा ती डॉक्युमेंट्री मोबाइलवर लावली होती. बापाच्या आवडीचा बँड म्हणून. मीही बारा वर्षं त्याच शेडमध्ये बॉबिनी भरल्यात. ओठ मलाही वाचता येतात."

"वहिनी, मला माफ..."

"तुम्ही आलात, बरं केलं. उद्या पोलिसात चला माझ्यासोबत." तिनं एक टिकली उचलली, कापडावर दाबली. "पण सोनालीच्या बाबांनी दोन नावं घेतली. एक स्विच लावणाऱ्याचं. दुसरं, तुम्हाला तो लावताना ज्या माणसानं पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही, त्याचं."

त्या वेळी शेडमध्ये लक्ष्मण आणि आपण, दोघंच होतो, अशी धर्मेंद्रची आजवर खात्री होती.

सुभद्राबाईनं मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या दोघांकडं पाहिलं.

दुसरं नाव कोणाचं, हे हिलालनं विचारलं नाही. नूतननंही विचारलं नाही.