झाकणावरचं पाणी

प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली डिश धरली आणि मॅडमचा चेहरा उतरला. एरवी हिरवेगार चमकणारे जिवाणू आज पांढरेफटक.

"मावशींनी डिशांची अदलाबदल केली," संशोधक म्हणाला. सगळे त्याला स्कॉलर म्हणत आणि ते त्याला फार आवडे. "बाहेरचे जंतू शिरलेत."

मॅडमनी मावशींपुढे कागद सरकवला. चूक कबूल, उद्यापासून कामावर येणार नाही. फक्त सही बाकी.

मावशींनी बावीस वर्षं या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतली होती. "सही? जीव गेला तरी नाही करणार! आधी जंतू आपलेच की परके, ते बघा."

तपासलं. आपलेच निघाले. मुख्य गुणसूत्र जसंच्या तसं. गायब होतं ते त्याच्या बाजूचं इवलंसं कडं, प्लाझ्मिड. हिरवा रंग त्याच्यावर, डिशेत मिसळतात त्या जंतू मारणाऱ्या औषधाला पुरून उरायची ताकदही त्याच्यावरच.

"आता कडं मी चोरलं म्हणा!" मावशी फणकारल्या आणि तडक डिशा ओतायच्या, म्हणजे बाटलीतली गरम जेली डिशांत भरायच्या टेबलापाशी गेल्या. तिथे गरम भांडी उचलायचा जाड हातमोजा पडला होता. डिशांच्या झाकणांना आतून पाणी सुटलं होतं.

"आठवडाभर डिशा कुणी ओतल्या?"

"मीच," स्कॉलर म्हणाला. "इथे दुसऱ्या कुणाला जमतंय?"

"औषध?"

"तेही मीच घातलं. वहीत लिहिलंय."

"औषध घालताना जेलीची बाटली केवढी गरम होती?"

"कोमट. नियमाप्रमाणे."

"कोमट बाटलीला हातमोजा कशाला रे बाळा?"

स्कॉलरने हातमोजा हळूच बाजूला सारला.

"मॅडम, याच्याच डिशेवर साधे, बिनकड्याचे जंतू सोडा. औषध असेल तर मरतील."

दुसऱ्या दिवशी डिश जंतूंनी गच्च भरली होती.

"बाटली उघड्या हातात धरवली तरच त्यात औषध घालायचं, ही इथली रीत," मावशी म्हणाल्या. "याला दम निघेना. कढत बाटलीत घातलं, औषध वाया गेलं. झाकणांवर पाणी धरलं ते त्या वाफेचं. औषध असतं तेव्हा कडंवालेच तगतात. औषधच नाही, तर ते ओझं कोण वाहील? बिनकड्याचे भराभर वाढले. रोज त्यांच्यातूनच नवी डिश, आठ दिवसांत रंग साफ."

"तुला कधी कळलं?" मॅडमनी स्कॉलरला विचारलं.

स्कॉलरची मान खाली गेली. "परवाच. घाबरलो, म्हणून मावशींचं नाव घेतलं."

मॅडम कागद फाडायला निघाल्या. मावशींनी त्यांचा हात धरला.

"फाडू नका, मॅडम. नुसतं नाव बदला."

आणि त्यांनी स्कॉलरपुढे पेन ठेवलं.