ठसा नसलेली आत्या

आत्या समोर उभी, आणि मशीनला कुणी सापडतच नाही! अंगठा ठेवला की स्क्रीन कोरीच. आता बोला.

झालं असं, की वेंगुर्ल्याच्या बंदरावर डोळ्यांचं दवाखाना-जहाज आलेलं, आणि ते संध्याकाळी निघणार होतं. सुलभाआत्याचा मोतीबिंदू इतका पिकलेला, की समोरची भाची गौतमीसुद्धा तिला धूसर दिसायची. जहाजाच्या दारात पारखी नावाचा रोबो. गौतमीने आत्याचं ओळखीचं कार्ड पुढे केलं, तर तो म्हणाला, कार्ड कुणाच्याही हातात असू शकतं, ठसा हवा.

"चल गो घराक," आत्या म्हणाली. "कारखान्यात काजू सोलून सालीच्या तेलान बोटां जळली माजी. ह्येका माजी वळख नाय."

पण गौतमी कसली हलतेय! तिने पारखीलाच विचारलं, तू माणसं ओळखतोस तरी कशी? तर तो ओळखतच नाही म्हणे. आधी साठवलेला ठसा आणि आत्ताचा ठसा नुसते जुळवून बघतो. हीच बायोमेट्रिक पडताळणी (शरीराच्या खुणेवरून खात्री करणं). मग दुसरी खूण? आहे की, तळहातातल्या शिरांची जाळी. शिरांतलं रक्त अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) शोषून घेतं, म्हणून शिरा काळ्या दिसतात. तेल तिथवर पोचतच नाही. पण आत्याची जाळी साठवलेलीच नव्हती. ती साठवायला 'ही सुलभाच' असं सांगणारं, सोबत काम केलेलं माणूस हवं, आणि आधी त्या माणसाची स्वतःची ओळख ठशाने पटायला हवी.

गौतमी सुटलीच. काजूच्या कारखान्यातून दोन मावश्यांना ओढत घेऊन आली. दोघींनी अंगठे ठेवले. स्क्रीन कोरीच! तिथे सगळ्याच काजू सोलतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावश्या हसून बेजार, हिला रडू यायचं बाकी.

"ठसे कायमचे गेले?" तिने विचारलं.

"नाही," पारखी म्हणाला. "नक्षी कातडीच्या खालच्या थरात असते. काम थांबलं, की काही आठवड्यांत परत वर येते."

काम थांबलं की! गौतमी पुन्हा पळाली, ती थेट कारखान्यातून बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या प्राजक्तावहिनीकडे. वहिनी बाळाला खांद्यावर टाकून आली, अंगठा ठेवला, आणि हिरवा दिवा लागला.

"ही आमची सुलभाकाकी," ती म्हणाली. "माज्याच बाजूक बसता."

आत्याने मशीनसमोर तळहात धरला. स्क्रीनवर झाडाच्या मुळांसारखी जाळी उमटली, आणि आत्या कठडा धरून जहाजावर चढली.

पारखी दार लावायला लागला, तशी गौतमी मध्येच उभी राहिली. वहिनी इथे आहे तोवर या मावश्यांचेही तळहात आत्ताच साठव म्हणाली.

"पण त्यांचे डोळे चांगले आहेत."

"आज आहेत," गौतमी म्हणाली, आणि मावशीचा हात धरून पुढे केला.