काकांच्या नावावरचा डोळा

काका गेल्यावर पुतण्याच्या पदरात काय पडणार होतं? दोन मजली घर, खालचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि वर चुलतबहिणीला बाहेर काढल्याचं समाधान. बहिणीच्या वाट्याला महिनाअखेरीस रस्ता.

म्हणून ती घारीताईंकडे आली. घाऱ्या डोळ्यांच्या या खासगी गुप्तहेर. सोबतीला धाकटे दीर. गाडी झकास चालवायचे, डोकं जरा सावकाश.

“बाबांनी म्हणे कागद स्वतः वाचून घर दादाच्या नावे केलं,” ती म्हणाली. “वाचतील कसे? मोतीबिंदूने बाहुल्या पार राखाडी झालेल्या. मला आवाजावरून ओळखायचे.”

“आणि दादा?”

“सहीच्या आदल्या दिवशी बाबांचे डोळे तपासले म्हणतो. फोटो दाखवतो.”

नेत्रकेंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत ते फोटो पडद्यावर उजळले. दोन तांबूस गोळे, त्यांत निष्पर्ण फांद्यांसारख्या शिरा. काकांच्या मुलीने खुर्चीचा हात घट्ट धरला. “बाबा बघतायत असं वाटतं.”

“शीर न् शीर दिसते बघा,” फोटो काढणारी तंत्रज्ञ म्हणाली. “डॉक्टर दुसऱ्या गावी असतात. मी फोटो पाठवते.”

“माणूस आठवतो?”

“टोपी, मफलर. इथे अंधार लागतो हो. मी पडद्यावर डोळा बघते, तोंड कोण बघतं?”

डॉक्टर फोनवर होते. “नजर उत्तम. फक्त उजव्या डोळ्यात काळा डाग होता, वाढत जाणारा. ताबडतोब बोलावलं होतं, दोनदा.”

“ते फोन मलाच आले,” घारीताईंनी बोलावून घेतलेला पुतण्या दारातून म्हणाला. रुमालाने उजवा डोळा टिपत होता. “काका तर गेलेले. म्हटलं, आता डाग ठेवा तुमच्याकडेच!” आणि एकटाच हसला.

“काका यंत्राला बिचकले का हो?” घारीताईंनी विचारलं.

“छे! आत हिरवी फुली दिसते, तिच्याकडे टक लावायची. झालं.”

“तुम्ही आत होतात?”

“मी बाहेर, बाकावर.”

दीर कानाशी लागले. “वहिनी, गडी पक्का आहे. फोटोपुढे आपण काय बोलणार?”

“भाऊजी, चष्मा द्या.” घारीताईंनी काचांवर वाफ सोडली आणि तो त्यांच्या नाकावर ठेवला. “काय दिसतं?”

“डोंबल!”

“मलाही तुमचे डोळे दिसत नाहीत. ज्या धुक्यातून काकांना बाहेरचं दिसत नव्हतं, त्यातून कॅमेऱ्याला आतली शीर न् शीर दिसेल? हे डोळे काकांचे नाहीत. मफलरखाली दुसरंच कुणी होतं. आणि ती फुली यंत्राला डोळा लावल्याशिवाय दिसत नाही.”

“काकांनीच सांगितलं मला!”

“असेल. मग डागही काकांचाच, त्यांच्याबरोबर गेला. या तुम्ही.”

पुतण्या दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून थबकला. पडद्यावरचा उजवा डोळा त्याच्या पाठीकडे बघत होता.

तो वळला. कुणी न सांगता स्टुलावर बसला आणि यंत्रावर हनुवटी टेकवली.

नवा फोटो जुन्याशेजारी उमटला. त्याच फांद्या, तीच वळणं. डाग मात्र पसरला होता.

“अहो, बोलावलं तेव्हा का नाही आलात?” फोनमधून डॉक्टर कळवळले.

घर मुलीकडे राहिलं. काकांचं काहीच गेलं नाही. त्यांचं नुसतं नाव वापरलं होतं. दोन्ही बोलावणी पुतण्याने त्या नावावर टाकली होती. वसुली त्याच्या उजव्या डोळ्यातून झाली.