भिवाजीचा दगड

आदिलाबादहून बेल्याकडे जाणाऱ्या बसमधून चंपत मिस्त्री उतरला तो एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात पानाची पुडी घेऊन. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या या माणसाला घाई कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. भगवानराव फाट्यावर मोटरसायकल घेऊन अर्धा तास ताटकळत होता. मिस्त्रीनं आधी पान लावलं, मग विचारलं, "काय म्हनते तुही रायफल?"

"खोटं बोलून राह्यली," भगवानराव म्हणाला.

भगवानरावाकडे वडिलांपासून चालत आलेली परवान्याची रायफल होती, आणि पिकात शिरणारी रानडुकरं मारायची रीतसर परवानगी. आजूबाजूची पाच गावं त्यालाच बोलवायची. पण डुकरं हुसकून काढायच्या गेल्या दोन हाक्यांत त्याचा नेम साफ चुकला होता. दुसऱ्या खेपेला तर गोळी डुकराला सोडून भिवाजीच्या कानाजवळून गेली. भिवाजी म्हणजे बयनाबाईचा, भगवानरावाच्या बायकोचा, पाठचा भाऊ. उद्या सकाळी पुन्हा हाका ठरला होता. बयनाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, की बंदूक सुधरली नाही तर ती स्वतः वाटेत आडवी पडेल. बाई बोलल्याप्रमाणे करणारी होती.

मिस्त्रीनं नाल्याकाठी, भगवानरावाच्याच शेतात, बाजेवर पेटी उघडली. त्याचं काम पाहणं म्हणजे एक सुखच होतं. आधी तो बंदुकीला हातच लावेना. तेल कोणतं घालतोस, काडतुसं कोणत्या खोक्यातली, पावसाळ्यात कुठं टांगली होती, सगळं विचारून घेतलं. मग दस्त्याचे स्क्रू पाहिले. नळी आणि लाकूड यांच्या फटीतून पोस्टकार्ड सरकवलं. ते एका जागी अडलं, तेव्हा तिथलं फुगलेलं लाकूड काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडलं. नळीत चिंधी फिरवून साचलेला मळ काढला. शेवटी कपाशीचं बोंड तोडून त्यातला कापूस नळीच्या तोंडावरून फिरवला. कुठं बारीक कंगोरा असता तर तंतू अडकला असता. एकही अडकला नाही.

"पोरीच्या गालावानी हाय," मिस्त्री खूश होऊन म्हणाला. "लाकूड तेवढं दाबत होतं. झालं आता."

नाल्यापलीकडच्या दरडीला फळी टेकवली होती, तिच्यावर कागद, कागदावर काळा ठिपका. साठ पावलं. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून मिस्त्रीनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

फळीला काही झालं नाही. चार हात डावीकडे दरडीतून धूळ उडाली.

त्यानं आणखी दोन मारल्या. धूळ त्याच जागी उडाली. जवळ जाऊन पाहिलं तर तिन्ही गोळ्यांचं मिळून एकच भोक, रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढं. मिस्त्रीचे डोळे चमकले. असा गट त्यानं कंपनीच्या नव्या बंदुकीतही पाहिला नव्हता.

"लई गुनी हाय रे ही. बस, तिची माशी सरकली."

पितळी खिळ्यावर हातोडीचे दोन ठोके देऊन त्यानं नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी सरकवली. पुन्हा झाडली. धूळ त्याच जागी. माशी उलट्या बाजूला सरकवली. धूळ त्याच जागी. त्यानं फळी उचलून दहा पावलं उजवीकडे नेली, नळी तिकडे वळवली, आणि नळीचं तोंड फळीकडेच आहे ना हे भगवानरावाला दोनदा पाहायला लावलं.

धूळ त्याच जागी उडाली.

मिस्त्रीनं पान थुंकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पुढं काय तपासावं ते सुचेना, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तो दरडीशी गेला. भोक जमिनीपासून दीड हातावर होतं. बसलेल्या माणसाची छाती येते तिथं. खाली चुना लावलेला एक दगड होता.

"हा कोनाचा?"

हाक्यात डुकरं याच नाल्यात उतरतात आणि माणसं दरडीला पाठ लावून बसतात, डुकरांना पळवाट मिळू नये म्हणून. ज्याची त्याची जागा आदल्या दिवशी ठरते. आपल्याच शेतातला दगड आणून ज्यानं त्यानं तो स्वतः तिथं ठेवायचा. एकदा ठेवला की हलवायचा नाही, हा त्या गावाचा नियम.

"भिवाजीचा. सकाळीच ठेवून गेला," भगवानराव म्हणाला.

मागून बयनाबाई आली होती. वाकून तिनं दगड उचलला आणि पोटाशी धरला.

"अवं, हलवत नसतात तो!" भगवानराव ओरडला.

"माया भाऊ हाय," ती म्हणाली. "तो उद्या येनार नाही. मारा आता."

मिस्त्रीनं माशी मूळ जागी आणली, मॅगझिन भरलं, तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही ठिपक्याच्या मध्यात. भगवानरावानं आनंदानं मिस्त्रीचे पाय धरले. मिस्त्रीला त्या बंदुकीचं इतकं कौतुक वाटलं, की त्यानं रुमालानं तिचा दस्ता पुसला.

गोळ्या उकरून त्यांच्यावरचे ओरखडे पाहायची त्याची सवय होती. फळी बाजूला केली. कागदाला भोक होतं. फळीला आरपार भोक होतं.

मागची माती कोरी होती.

त्यानं बोटानं चाचपलं. मग पेचकसानं खणलं. काहीच नाही.

"भिवाजी कुठं हाय?" बयनाबाईनं विचारलं.

तिघंही झपाझप गावाकडे निघाले. बंदूक मिस्त्रीच्या खांद्यावर तशीच राहिली.

भिवाजी आपल्या अंगणात बाजेवर बसला होता. ऊन चांगलं होतं. तो हसला, म्हणाला, "ये बाई," आणि मूठ उघडली. मुठीत तीन गोळ्या होत्या.

"हे तुमचंच ना, दाजी? अंगावर टपटप पडल्या. लागलं नाही काही. पाहा, गरम हायेत अजून."

दगड अजून बयनाबाईच्या पोटाशी होता. भिवाजी डावी छाती चोळत होता.

"आन चवथी मातर पडली नाही," तो म्हणाला.

मिस्त्रीला तेव्हा आठवलं, मॅगझिनमध्ये त्यानं चार भरल्या होत्या. भरलेली बंदूक घेऊन तो जन्मात कोणाच्या दारात गेला नव्हता. त्यानं नळी आभाळाकडे केली आणि बोल्ट हळूच मागे ओढला.

न उडालेलं काडतूस तळहातावर आलं. पितळ थंड होतं. मागची टिकली शाबूत होती, दारूही तशीच आत होती.

पुढं गोळी नव्हती.