पुठ्ठ्यावरचा रिकामा गोल

जुनी गाडी कुठून गळते हे शोधायचं असेल, तर आधी हत्यारं उचलायची नाहीत. गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरायचा, शटर ओढायचं आणि घरी जाऊन झोपायचं. सकाळी पुठ्ठाच सगळं सांगतो. थेंब कुठे पडला, रंग कसला, वास कसला. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना वस्तादांनी शिकवलं.

वस्ताद म्हणजे माझ्या आत्याच्या गॅरेजमधले मिस्त्री. आत्या ट्रक चालवायची आणि वस्ताद तो चालता ठेवायचे, अशी तीस वर्षं गेली. शेवटी शेवटी त्यांना मोतीबिंदू झाला. राहायला वर डोंगरात, इस्पितळ खाली लांब. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "नाक शाबूत आहे ना? मग झालं तर." दोन्ही डोळे गेल्यावरही ते काम करत राहिले. पुठ्ठ्यावर हात फिरवून थेंब शोधायचे, बोटावर घेऊन हुंगायचे आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं त्याभोवती गोल काढायचे. एका थेंबाचा वास नाकातून जाऊन दुसऱ्याला जागा व्हावी म्हणून मध्ये लिंबाची साल चोळून नाकाशी धरायचे. दोन वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले, आणि आत्यानं ट्रक उभा केला तो कायमचाच. दुसऱ्या कुणाचा हात तिला त्या गाडीला लागू द्यायचा नव्हता.

मी गाड्यांचंच शिक्षण घेऊन, पाच वर्षं लांब राहून परत आले. एकच गोष्ट मनात धरून आले होते. माणूस मोतीबिंदूनं आंधळा होतो असं आपण म्हणतो. खरं तर तो न्यायला गाडी नसल्यामुळे आंधळा होतो. याचा मला तेव्हा संताप यायचा, आजही येतो. वस्तादांचा तर हट्टच होता, पण त्यांच्या वस्तीवर गाडीअभावी अडलेली अशी अकरा म्हातारी माणसं होती. मी इस्पितळाच्या दारात बसून बसून गुरुवारची तारीख मिळवली. ती चुकली असती तर पुढची चार महिन्यांनी. त्यातल्या एका आजींचा डोळा तेवढा थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"ट्रक आहे, तू आहेस, मी आहे. आणखी काय लागतं?" मी आत्याला म्हणाले.

"अक्कल," आत्या म्हणाली. "पण चल. या म्हाताऱ्या गाडीला उठवू."

रविवारी पुठ्ठा पसरला. सोमवारी सकाळी शटर उघडलं तर तीन थेंब. पुढे हिरवट, गोडसर वासाचा, म्हणजे रेडिएटरचं कूलंट. मागे दाट, काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. ते गिअर ऑइल, मागच्या ॲक्सलचं सील गेलेलं. मधे डिझेल. तिन्ही थेंबांभोवती पेन्सिलीचे गोल होते. आत्या माझ्याआधी येऊन गेली असणार, असं मी धरून चालले.

एकच गोष्ट माझ्या हिशेबात बसेना. केबिनचं दार उघडलं की लिंबाचा वास यायचा. ट्रकमध्ये जळकी रबरं वास मारतात, उंदीर मरून वास मारतात, ओल वास मारते. लिंबाचा वास मारणारं काहीच नसतं. मी सीट काढली, खालचं रबर उचललं, वायरी हुंगल्या. काही नाही. सील घासताना, नळी बदलताना तो वास अचानक कानाजवळून यायचा आणि मी वळले की नसायचा.

बुधवारी तिन्ही गळत्या बंद झाल्या. तेलात चमकणारा रंग घालून, जांभळ्या उजेडाच्या टॉर्चनं मी प्रत्येक सांधा तपासला. सगळं कोरडं. संध्याकाळी नवा पुठ्ठा घातला, आत्यानं स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

गुरुवारी पहाटे निघायचं होतं. धुकं इतकं दाट, की समोरच्या भिंतीवरचा दिवा पिवळ्या डागासारखा दिसत होता. शटर वर गेलं. पुठ्ठ्यावर एकही थेंब नव्हता.

पण एक गोल होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला. मधे काही नाही... कोरा पुठ्ठा.

"आत्या, आज तरी थट्टा नको होती."

"माझी थट्टा? अगं, मला वाटलं हे तुझं काहीतरी कॉलेजातलं."

"सोमवारचे गोल तू काढलेस ना?"

आत्या नाही म्हणून मान हलवत पुढे आली. गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकली. गोलाची दोन टोकं एकमेकांना भेटली नव्हती; मधे दोन बोटं जागा राहिली होती. आत्यानं त्या जागेवर हात ठेवला.

"डोळे गेल्यावर त्याला सुरुवात सापडायची नाही," ती हळूच म्हणाली. "फिरत फिरत यायचा... आणि चुकायचा."

मी सोमवारचा पुठ्ठा कोपऱ्यातून ओढून आणला. तिन्ही गोल तसेच. उघडे.

मी त्या उघड्या टोकांवरून बोट फिरवलं. तरी मी म्हणाले, "सहा वाजलेत. अकरा माणसं आवरून बसली असतील. तिथे काही गळत नाहीये, मी बघितलंय."

"तू जे गळलं ते बघितलंस," आत्या म्हणाली. "तो काहीतरी गळायच्या आधीच सांगतोय. खाली जा. मी ब्रेक दाबते."

मी गाडीखाली सरकले. टॉर्चच्या उजेडात त्या गोलाच्या बरोबर वर ब्रेकची लोखंडी नळी होती. कोरडी, मळकट. तीन दिवसांत मी तिच्याखालून दहादा गेले असेन.

"दाब," मी ओरडले.

आत्यानं दाबला. काही झालं नाही.

"उतारावर दाबतेस तसा!"

पुन्हा काही नाही. इंजिन बंद होतं, बाहेर धुकं, आणि त्या शांततेत मला श्वास ऐकू आला. माझा नव्हता. माझ्या उजव्या हाताला पुठ्ठा हळूच दबला, कुणी कोपर टेकवावं तसा... आणि लिंबाचा वास आला. इतका जवळ, की डोळ्यांत पाणी आलं. मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही. माझ्या मनगटावर खरबरीत, थंड बोटं आली आणि लहानपणी न्यायची तशी त्यांनी माझं बोट नळीवर नेलं, मागे, जिथे ती चासीच्या लोखंडाआड जाते तिथे. मला दिसत नव्हतं, पण बोटाला कळलं. तिथला चिमटा निखळला होता. नळी वर्षानुवर्षं घासून कागदासारखी झाली होती.

"अजून एकदा," आवाज आला.

आत्यानं सगळा भार टाकला. फस्सकन आवाज झाला, तेल माझ्या बोटांवरून ओघळलं आणि पहिला थेंब त्या गोलाच्या अगदी मधोमध पडला.

मी बाहेर आले तेव्हा पुठ्ठा पुन्हा सपाट झाला होता.

"अजून एकदा म्हणालीस ते बरं झालं," मी म्हणाले.

"मी कुठे काय म्हणाले?" आत्या म्हणाली. "मला वाटलं तूच म्हणालीस. घसा बसलाय वाटलं."

मी वाकून पुन्हा गाडीखाली पाहिलं; तिथे कुणी नव्हतं. मग आत्यानं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात खेकसली, "बघतेस काय? गॅरेजमागे भंगारात गाडी पडलीय, तिची नळी काढ. डोंगराच्या तिसऱ्या वळणावर हे झालं असतं, तर अकरा जणांना डोळ्यांची गरजच उरली नसती!"

नळी बसवून, तिच्यात अडकलेली हवा काढून, पाच वेळा ब्रेक दाबून निघायला साडेआठ झाले. वस्तीवर सगळे रस्त्यालाच बसले होते. ज्या आजींचा डोळा थांबणार नव्हता त्या म्हणाल्या, "आलीस होय! आम्ही म्हटलं, बाईनं चालवायला घेतली म्हणजे गाडी नटत असेल." आत्यानं त्यांना उचलूनच मागे बाकावर बसवलं. उतारावर तिनं प्रत्येक वळणाला ब्रेक दाबला आणि प्रत्येक वेळी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. इस्पितळात डॉक्टर आधी रागावले, मग बाह्या सरसावल्या. संध्याकाळपर्यंत सगळी ऑपरेशनं पार पडली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सुटल्या. त्या आजींनी आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे सुलटे, नवे आणल्यासारखे. मग खोलीभर सगळ्यांचे चेहरे बघून विचारलं, "आणि तो कुठाय? बाकावर माझ्या शेजारी होता तो. वाटभर लिंबू सोलत होता मेला, पण एक फोड दिली नाही."

त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. तिथे आम्ही पाण्याचा डबा ठेवला होता. हे मी आजींना सांगायच्या आत नर्सबाई आल्या, कपाळाला आठ्या घालून. "तुमची माणसं अकराच ना? मग पट्ट्या बारा जणांच्या कशा गेल्या?"

आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही.

आता इस्पितळ आम्हाला दर महिन्याची तारीख देतं आणि ट्रक दर महिन्याला जातो. ब्रेक ठणठणीत आहेत, केबिनमध्ये कसलाही वास नाही. तरी प्रत्येक फेरीच्या आधी आम्ही पुठ्ठा घालतोच. पाच महिने पुठ्ठे कोरे निघाले. मला तर त्या कोऱ्या पुठ्ठ्यांचं वाईट वाटायला लागलं होतं.

आज सकाळी शटर उघडलं आणि लिंबाचा वास आला.

पुठ्ठ्यावर एक गोल होता. आत्या खाली बसली, तिनं त्याच्या रेषेवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. बोट कुठेच अडलं नाही. टोकं जुळली होती, कंपासनं काढल्यासारखी.

"अगं," आत्या पुटपुटली, "याला दिसायला लागलं..."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मग आम्ही दोघींनी एकदमच वर, गाडीच्या पोटाकडे बघितलं. त्या जागेवरून नळी जात नाही, वायर जात नाही, काहीच जात नाही. नुसतं सलग लोखंड आहे. आसपासच्या वस्त्यांवरचे चौदा जण वाट बघतायत, त्यांना निरोप पाठवलाय की उशीर होईल. गेले तीन तास आम्ही आळीपाळीनं खाली पडून शोधतोय. काय ते सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही.

गोल अजून कोराच आहे.