उजव्या भुवईचा दादा

बाराव्या चित्रासाठी फळी हवी होती म्हणून ठसेबाई त्या दिवशी सकाळीच सुताराकडे गेल्या. चार फळ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, बोटांनी चाचपल्या, वास घेतला. सुतार वैतागून म्हणाला, "बाई, एवढं निरखून मी जावईसुद्धा पाहिला नव्हता."

"म्हणूनच रोज त्याच्या नावाने बोटं मोडता," असं म्हणून बाईंनी पाचवी फळी काखेत मारली आणि घरची वाट धरली. आता सांगा, अशा बाईला कोण घाबरवणार? पण ऐका.

लाकडावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर छाप उठवायची, हे बाईंचं काम. म्हणून अख्ख्या गल्लीत त्या ठसेबाई. वय साठीला टेकलेलं, जिभेला हाड नाही, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. घर दोन खोल्यांचं. पुढची राहायची, मागची कामाची. मागच्या खोलीत मोठी खिडकी आणि खिडकीखाली दादाचं स्टूल. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. कोरणी हातात कशी धरायची, ते त्यानेच शिकवलेलं. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या स्टुलावर बाईंनी तेव्हापासून कुणाला बसू दिलं नव्हतं.

हातातलं काम होतं एका कादंबरीचं. कादंबरीतली बाई रोज आपल्याच घरातली एक खोली विसरते. आज स्वयंपाकघर, उद्या जिना. शेवटी एकच खोली उरते. तिच्यात तिचा मेलेला भाऊ बसलेला असतो, पण त्याचा चेहरा काही केल्या तिला आठवत नाही, आणि तिथे कादंबरी संपते. ती वाचून बाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. हस्तलिखित द्यायला लेखक स्वतः आले होते. म्हातारे, मवाळ, पुटपुटल्यासारखं बोलणारे. जाताना उंबऱ्यावर थांबले.

"शेवटच्या चित्रात… भावाला चेहरा देऊ नका."

"का बरं?"

"कोरा ठेवा. म्हाताऱ्याचं एवढं ऐका."

झालं! बाईंना कुणी 'अमुक करू नका' म्हटलं की ते झालंच म्हणून समजा. अकरा चित्रं त्यांनी शहाण्यासारखी केली. बाराव्याला म्हणाल्या, "माझ्या हातून कुणाचाही चेहरा कोरा राहणार नाही. त्यांच्या कादंबरीतल्या बाईला नसेल आठवत. मला आठवतो."

ठशाच्या कामात पहिला धडा एकच असतो. लाकडावर जे कोराल, ते कागदावर उलटं उमटतं, डाव्याचं उजवं होतं. म्हणून चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर काढायचं, कागद पालथा घालायचा आणि मग लाकडावर उतरवायचं. चाळीस वर्षांत बाईंनी ते कधी चुकवलं नव्हतं. पण त्या दुपारी फळी मांडीवर घेतली, पेन्सिल टेकवली आणि दादाचा चेहरा आपसूक उतरत गेला. फोटो बघावा लागला नाही, खोडरबर लागलं नाही. ट्रेसिंग पेपरची तर आठवणच झाली नाही. चार दिवस त्या कोरत होत्या. मग शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि कोपऱ्याला धरून उचलला.

दादा! बाईंना हुंदकाच फुटला. मग नजर भुवईवर गेली आणि त्यांनी कागद उजेडाकडे धरला. दादाच्या डाव्या भुवईत जुना व्रण होता, भुवईचे दोन तुकडे करणारा. छापेतल्या दादाची उजवी भुवई तुटलेली होती.

त्या व्रणाची गोष्ट फक्त दोघांना ठाऊक. बाई तेव्हा सात वर्षांच्या आणि दादा तेरा. तो याच खिडकीत, याच स्टुलावर बसून कोरत होता, उजवा खांदा भिंतीला टेकलेला. कोरणी दे म्हणून हिने हट्ट धरला, त्याने दिली नाही. हिने हाताला लागला तो लाकडाचा तुकडा उचलून भिरकावला. उजवीकडे भिंत, म्हणजे लागणार तो डावीकडेच. रक्ताने शर्ट भिजला. आई धावत आली तेव्हा दादा म्हणाला, "जिन्यावरून पडलो." मरेपर्यंत तो तेच सांगत राहिला आणि बाईंनी मरेपर्यंत त्याला ते सांगू दिलं. ते त्यांच्या मनात काट्यासारखं होतं, पण तो काटा त्यांचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण डबा घेऊन आली. दोरीवर वाळत घातलेली छाप पाहून तिचे डोळे भरले.

"ताई गं… हा तर दादाच! मला दे ना ही."

"घेऊन जा. नाहीतरी चुकलेली आहे. व्रण बघ, उलटा आलाय. त्याचा डावीकडे होता."

"काहीतरीच काय! उजवीकडे होता."

"डावीकडे."

"अगं, फोटो आहे ना माझ्याकडे," म्हणत धाकटीने पर्समधून दादाचा फोटो काढला. व्रण उजव्या भुवईत होता.

बाई हसल्या. म्हणाल्या, फोटो उलटा छापला असेल कुण्या गाढवाने. धाकटीने छाप गुंडाळली आणि ती घरी गेली. मग बाईंनी भिंतीवरचा फोटो काढून खिडकीशी नेला. उजवी. ट्रंकेतला शाळेचा फोटो काढला, त्यात मागे फळ्यावरची अक्षरं सरळ वाचता येत होती. उजवी. ओळखपत्रावरचा बोटाएवढा फोटो भिंगाखाली धरला. तिथेही उजवी. बाई खाली बसल्या.

खोलीत लवंगेचा वास येत होता. दादाला लवंग चघळायची सवय होती. बाईंच्या घरात अकरा वर्षांत लवंग आली नव्हती.

त्यांनी लेखकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चेहरा दिलात तर…"

"दिला. आणि तो चुकला. आता काय ते सांगा."

"माझी बायको गेली तेव्हा मी तिच्यावर एक गोष्ट लिहिली होती. तिच्या हसण्याचं वर्णन करताना एक शब्द जरा बरा वाटला म्हणून वापरला. खरा नव्हता, पण वाक्यात छान बसत होता." आवाज अगदी बारीक झाला. "आता ती तशीच हसते, बाई."

"आता म्हणजे?"

"समोर बसलीय. तिची खरी हसण्याची तऱ्हा मला आठवतच नाही. सवय होते… तुम्हीही गप्प बसा. निदान कुणीतरी असतं घरात."

"तुम्ही बसा गप्प," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी, भर चार वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, बाई पुढच्या खोलीत चहा गाळत होत्या. मागच्या खोलीतून आवाज आला. कर्र… कर्र… लाकडात कोरणी चालल्याचा. घाई नाही, गडबड नाही, मुरलेल्या हाताची चाल. चहा गाळणीतून वाहून ओट्यावर सांडला तरी बाईंना कळलं नाही. लवंगेचा वास आता इतका दाट झाला होता की घशाला झोंबत होता.

त्या दाराशी गेल्या. स्टुलावर दादा बसला होता. डावा खांदा भिंतीला टेकलेला, मान खाली, मांडीवर फळी. स्टूलही उलट्या बाजूने मांडलेलं होतं.

"ये, चिमटे," तो म्हणाला.

चिमटी! लहानपणी त्या चिमटे काढायच्या म्हणून दादानेच हे नाव ठेवलं होतं. अकरा वर्षांत कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. बाईंचं काळीज असं पिळवटलं की वाटलं, जाऊ दे डावं-उजवं, धावत जाऊन त्याच्या गुडघ्याशी बसावं. एका भुवईचं काय एवढं घेऊन बसायचं? आवाज तोच होता. हातही तेच होते.

"दादा…"

"हं."

"तुझी भुवई… कशी रे फुटली?"

कोरणी थांबली. त्याने वर पाहिलं. हसला.

"जिन्यावरून पडलो होतो ना."

"खरं सांग."

"खरंच. जिन्यावरून."

"मी मारलं होतं तुला."

"छे… तू कशाला मारशील? तू गुणाची आहेस." तो अगदी मायेने म्हणाला. "तुझा काहीच दोष नाही, चिमटे. विसरून जा. मी आता इथेच राहीन. बस जवळ."

त्रेपन्न वर्षं जे शब्द ऐकायला बाईंचा जीव आसुसला होता, ते हेच. आणि ते कानावर पडताच बाईंच्या अंगातली भीती गेली आणि तिथे निव्वळ संताप आला. कारण दादा असं म्हणालाच नसता. दादाने तिला वाचवलं होतं, पण रात्री अंथरुणात कानाशी म्हणाला होता, "लक्षात ठेव हं चिमटे, मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी. पुन्हा कुणावर हात टाकलास तर बघ!" लक्षात ठेव म्हणाला होता तो. आणि हा विसर म्हणतोय.

"तू रे कोण मला माफ करणारा?" बाई कडाडल्या. "तुला माहीत तरी आहे का काय झालं ते? तुला तेवढंच ठाऊक आहे जे आईला ठाऊक होतं. माझी चूक मला परत दे! ती माझी आहे. दादाचं तेवढंच एक माझ्याकडे उरलंय, जे दुसऱ्या कुणाकडे नाही."

"चिमटे… आवाज नको… मी जाईन हं मग…"

"जा की!"

सगळ्या छापा उठवून झाल्या की ठसेवाले ठशावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल चर मारतात. ठसा बाद होतो, पुन्हा कुणी त्यातून छापू शकत नाही. बाईंनी टेबलावरून सगळ्यांत रुंद कोरणी उचलली आणि बाराव्या ठशाला भिडवली. लाकूड कधी नव्हे इतकं कठीण लागलं. मागे तो हळूच म्हणत होता, "दुखतं गं… चिमटे… दुखतं…" आणि आवाज हुबेहूब तेरा वर्षांच्या दादाचा होता. बाई रडत होत्या, ओरडत होत्या, पण हात थांबला नाही. कपाळावरून, भुवईवरून, नाकावरून, ओठावरून चर खाली गेला. मग दुसरा, आडवा. मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

भिंतीवरच्या फोटोत दादाची डावी भुवई तुटलेली होती. ट्रंकेतल्या फोटोतही. बाईंनी फोटो छातीशी धरला आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, सुताराकडून नवी फळी आणली, ट्रेसिंग पेपर नीट पालथा घातला आणि पुन्हा दादाचाच चेहरा कोरला. कोरा ठेवतील त्या ठसेबाई कसल्या! छाप निघाली. व्रण डावीकडे, जिथल्या तिथे.

आठवड्याने धाकटी आली. दोरीवरची नवी छाप तिने पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही चुकलीय की गं. व्रण उजवीकडे पाहिजे. आधीची बरोबर होती, माझ्या भिंतीवरची."

बाईंनी तिला हाताला धरून बसवलं. जे त्रेपन्न वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. हट्ट, लाकडाचा तुकडा, रक्त, आईला मारलेली थाप. म्हणाल्या, "उजवीकडे भिंत होती गं. म्हणून डावीकडेच लागला. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून तुला सांगते."

धाकटी शांतपणे ऐकत होती. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तूच मारलंस. पण उजवीकडे लागलं. दादाने सांगितलं."

"कधी?"

"कधी म्हणजे… परवा दुपारी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी धाकटीच्या पर्सकडे पाहिलं. पर्सच्या अर्धवट उघड्या तोंडातून चार लवंगा ओट्यावर सांडल्या होत्या. ठसा बाद झाला होता, पण त्याची एक छाप त्यांनी स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती.

बाई उठल्या. एप्रन बांधला, चपला घातल्या.

"चल, तुझ्या घरी चल."

"तो म्हणालाच होता, तू येशील म्हणून," धाकटी आनंदाने म्हणाली. "फक्त येताना तेवढी कोरणी घरी ठेवून ये म्हणाला."

बाईंनी दोन घेतल्या.