तेलात पाहिलेली लेक

मी चष्म्याची भिंगं घासतो. दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. त्यामुळे लेक मूळ नक्षत्रावर जन्मली आणि सासूबाईंनी मला दारातच अडवलं, तेव्हा मला हसू आलं.

"हसताय काय? मुळावरच्या लेकराचं तोंड बापानं एकदम पाहू नये, जिवावर बेततं. सत्तावीस दिवसांनी पुन्हा मूळ आलं की शांती करू. आधी तेलात पाहा, मग डोळे भरून."

बायको रडवेली झाली, म्हणून मी कबूल झालो. पण बंद दारापलीकडे लेक रडायची आणि माझा जीव तुटायचा. एकदा तिला पाहायचं, एवढंच मनात होतं.

तो दिवस आला. भर दुपारी खिडक्या लावून समई पेटवली. समोर काशाच्या थाळीत तेल. रीत अशी की बापानं मागे वळायचं नाही. आई मागून येऊन लेकराला त्याच्या खांद्यावरून थाळीवर धरते आणि बाप तेलात पाहतो.

मी मान खाली घालून बसलो. तेलाचा वास नाकात भरला होता. पाठीमागे काहीतरी सळसळलं. खांद्याशी ऊब आली, कानाशी इवलासा श्वास. तेलात एक चेहरा उमटला. गोल गाल, मिटलेले डोळे. मला भरून आलं.

"अगदी तुझ्यावर गेलीय गं," मी म्हणालो.

मग तिला धरलेले हात दिसले. बांगड्या नव्हत्या. बोटं लांब होती... फार लांब.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. बायको आली, मोकळ्या हातांनी.

"अहो, आईनं बाळाला इकडे आणलं का? पाळण्यात नाही..."

ती थबकली. तिची नजर माझ्या खांद्यावर गेली, तिथून माझ्या डोक्यावर, आणि वर वर जात राहिली.

"वळू नका," ती कुजबुजली. "हात वर करा... हळू... घ्या तिला."

मी हात वर नेले. लेकीचं अंग हाताला लागलं. मी ओढलं. पलीकडूनही कुणीतरी ओढलं. मग एकाएकी ती सुटून माझ्या कुशीत आली. मी तिला छातीशी धरून ढसाढसा रडलो.

आता ती दुडुदुडु चालते. दमली की उचलून घ्या म्हणून हात वर करते. माझ्याकडे बघून नाही, माझ्या पाठीमागे बघून. मी धावत जाऊन उचलतो तिला. पण कधी कधी मी पोचायच्या आधीच तिचे पाय जमिनीवरून सुटलेले असतात.